बँजोची वंशावळ : वर्गीकरण, कर्तेपण आणि कृष्णवर्णीय संगीताचे विस्मरण

१

जनप्रिय संस्कृतीच्या इतिहासलेखनात विस्मरण ही एक नैसर्गिक प्रक्रिया मानण्याचा प्रघात आहे. नावे गळून पडतात, वाद्ये अडगळीत जातात, चाली एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना त्यांचे कर्ते हरवतात; यामागे कोणाची योजना असण्याचे कारण नाही, असे गृहीत धरले जाते. बँजो या वाद्याचा अमेरिकेतील इतिहास हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे वाद्य ॲपलेशियन डोंगराळ प्रदेशातील गौरवर्णीय शेतकऱ्याचे, कंट्री आणि ब्लूग्रास संगीताचे बोधचिन्ह बनलेले दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत मात्र ते जवळजवळ सर्वस्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे आणि त्यांच्या वंशजांचे वाद्य होते. एका समूहाचे वाद्य दुसऱ्या समूहाने स्वीकारावे यात असाधारण काही नाही. असाधारण आहे ते हे, की पहिल्या समूहाचा त्या वाद्याशी संबंध होता ही गोष्टच काही पिढ्यांनंतर आश्चर्याची बातमी ठरली.

हे विस्मरण मौनातून घडले, असे म्हणता येत नाही. कृष्णवर्णीयांच्या संगीताविषयी अमेरिकेत प्रत्येक काळात भरपूर बोलले आणि लिहिले गेले आहे. विस्मरण घडले ते वर्गीकरणातून. कोणाच्या कौशल्याला निसर्गाची देणगी म्हणावयाचे आणि कोणाच्या कौशल्याला कला म्हणावयाचे, कोणाला स्रोत मानावयाचे आणि कोणाला कर्ता, याची जी वाटणी वेळोवेळी होत गेली तिच्यात या विस्मरणाची यंत्रणा सापडते. साहित्यप्रकार आणि कर्तेपण या संकल्पनांचा विचार करणाऱ्या समीक्षेला म्हणूनच हा इतिहास परका वाटू नये.

मराठी वाचकासाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वाजणारा 'बँजो' म्हणजे कळा दाबून वाजवावयाचे बुलबुल तरंग होय. त्याचे नाते जपानमध्ये नागोया येथे १९१२ साली तयार झालेल्या 'ताइशोगोतो' या वाद्याशी आहे. अमेरिकी वाद्याकडून त्याने नाव तेवढे घेतले. अमेरिकेतील गुलामगिरीचा संदर्भ मात्र मराठी विचारविश्वाला जुना परिचित आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी आफ्रो-अमेरिकी साहित्य मराठीत आणले. तथापि हा परिचय मुख्यतः छापील संहितांचा आहे. ज्या समाजाला लेखनाची बंदी होती त्याची निर्मिती आधी नादात झाली, याकडे त्यात स्वाभाविकपणे कमी लक्ष गेले. साउथ कॅरोलिना वसाहतीने १७३९ च्या स्टोनो येथील उठावानंतर १७४० मध्ये जो कायदा केला, त्यात गुलामांना लिहावयास शिकविण्यास मनाई होती आणि त्याच कायद्यात त्यांनी ढोल व शिंगे बाळगण्यासही मनाई होती. अक्षर आणि नाद या दोहोंची भीती सत्तेला एकाच वेळी वाटत होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

२

बँजोच्या उगमाविषयीचे पुरावे विरळ असले तरी संदिग्ध नाहीत. हान्स स्लोन हा वैद्य १६८७ मध्ये जमेकात गेला. त्याच्या प्रवासग्रंथाचा पहिला खंड १७०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात तेथील गुलामांच्या तंतुवाद्यांचे चित्र आहे. वाळलेल्या भोपळ्यावर कातडे मढवून त्याला दांडी बसवलेली ही वाद्ये आहेत. स्लोनच्या सांगण्यावरून बाप्तिस्त नावाच्या संगीतकाराने तेथे ऐकलेल्या काही चाली लिपिबद्ध केल्या आणि त्यांना 'अंगोला', 'पापा', 'कोरोमांती' अशी शीर्षके दिली. ही शीर्षके आफ्रिकेतील प्रदेशांची आणि लोकसमूहांची आहेत. याचा अर्थ असा, की सतराव्या शतकात एका युरोपीय निरीक्षकालाही हे संगीत एकजिनसी वाटत नव्हते. त्यातील परंपरांचे भेद त्याला ऐकू येत होते. पुढे 'कृष्णवर्णीय संगीत' या एकाच नावाखाली हे भेद बुजले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा १७८५ ते १७९० या काळात, साउथ कॅरोलिनातील जॉन रोझ या मळेमालकाने काढलेले 'द ओल्ड प्लँटेशन' हे जलरंगातील चित्र अधिक बोलके आहे. त्यात बसलेला वादक भोपळ्याचे चार तारांचे वाद्य वाजवत असून त्यातील एक तार इतरांपेक्षा आखूड आहे. अंगठ्याने छेडली जाणारी आणि एकच स्वर धरून राहणारी ही आखूड तार हे बँजोचे व्यवच्छेदक लक्षण होय. गांबियातील जोला लोकांच्या 'अकोंटिंग' या तीन तारी वाद्यातही अशी आखूड तार आहे; नखाने वरून खाली आघात करावयाचा आणि अंगठ्याने आखूड तार छेडावयाची, ही त्याची वादनपद्धती बँजोच्या सर्वांत जुन्या ज्ञात पद्धतीशी जुळते. गांबियाचे संशोधक डॅनिएल जट्टा यांनी हे साम्य २००० च्या सुमारास अमेरिकी अभ्यासकांसमोर मांडले.

याचा अर्थ बँजो आफ्रिकेतून तयार अवस्थेत आला, असा मात्र घेता येणार नाही. पश्चिम आफ्रिकेतील अशा वाद्यांची दांडी सामान्यतः गोल असते आणि तारा दांडीवर सरकणाऱ्या वेढ्यांनी जुळवल्या जातात. अमेरिकेतील बँजोची दांडी सपाट असून तिला खुंट्या आहेत. व्हिक्तोर शोल्शेर या फ्रेंच गुलामगिरीविरोधकाने १८४०-४१ च्या प्रवासात हैतीतून आणलेला 'बांझा' पॅरिसच्या संग्रहालयात आहे; त्यातही हीच जुळणी दिसते. वेगवेगळ्या प्रदेशांतून ओढून आणलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर, युरोपीय वाद्ये पाहून आणि आपल्या वाद्यांची स्मृती जपून, हे वाद्य घडवले. म्हणजेच बँजो हा अवशेष नसून नवनिर्मिती आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अवशेषाला कर्ता लागत नाही, नवनिर्मितीला लागतो.

नेमका हाच मुद्दा थॉमस जेफरसन याच्या 'नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया' या ग्रंथात निर्णायक ठरतो. १७८७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत एक तळटीप आहे. 'बँजार' हे गुलामांचे खास वाद्य असून ते त्यांनी आफ्रिकेतून आणले, असे ती सांगते. जेफरसन स्वतः गुलामांचा मालक होता आणि त्याच्या साक्षीत उगमाविषयी लेशमात्र संशय नाही. ज्या मजकुराला ही तळटीप जोडली आहे त्यात मात्र तो अशी वाटणी करतो : सूर आणि ताल यांचा कान कृष्णवर्णीयांना गौरवर्णीयांपेक्षा अधिक लाभलेला आहे, दीर्घ स्वररचना किंवा गुंतागुंतीचा स्वरमेळ रचण्याची पात्रता त्यांच्यात आहे काय, हे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे. त्याच प्रकरणात फिलिस व्हीटली या कृष्णवर्णीय कवयित्रीची कविता समीक्षेच्याही योग्यतेची नाही, असे तो ठरवतो. कान मान्य करावयाचा आणि रचना नाकारावयाची, ही विभागणी येथे तत्त्व म्हणून मांडली गेली. उगम मान्य असूनही कर्तेपण हिरावून घेता येते, हे या तळटिपेचे इतिहासातील खरे महत्त्व आहे.

३

एकोणिसाव्या शतकात या विभागणीला रंगमंच मिळाला. १८३० च्या सुमारास थॉमस राइस या गौरवर्णीय नटाने तोंडाला जाळलेल्या बुचाची काजळी फासून 'जिम क्रो' हे पात्र लोकप्रिय केले. पुढे वंशविभाजनाच्या कायद्यांना याच पात्राचे नाव पडले. १८४३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' या चौघांच्या संचाने फिडल, बँजो, खंजिरी आणि हाडांच्या चिपळ्या यांच्या साथीने कार्यक्रम केला आणि मिन्स्ट्रेल हा प्रकार रूढ झाला. त्यातील बँजोवादक बिली व्हिटलॉक हा जोएल स्वीनी याच्याकडून शिकलेला होता आणि स्वीनी व्हर्जिनियातील आपल्या गावच्या कृष्णवर्णीय वादकांकडून. ही शिष्यपरंपरा त्या काळी गुप्त नव्हती. उलट प्रेक्षकांना आकर्षित करण्यासाठी तीच जाहीर केली जात असे. प्रयोगातील आशय मात्र शिकवणाऱ्यांची विटंबना हा होता. फ्रेडरिक डग्लस याने १८४८ मध्येच अशा संचांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली.

येथे अनुकरणाचे एक विपरीत रूप दिसते. ज्याचे अनुकरण करावयाचे त्याला अज्ञानी, आळशी आणि नादिष्ट ठरविल्याखेरीज अनुकरण करणाऱ्याचे कौशल्य सिद्ध होत नाही. पुढे स्वीनीनेच बँजोला पाचवी, आखूड तार जोडली, अशी आख्यायिका प्रचलित झाली. तो जन्मण्यापूर्वीच्या चित्रात ती आखूड तार स्पष्ट दिसत असतानाही ही आख्यायिका दीर्घकाळ टिकली, कारण कर्ता शोधणाऱ्यांना ती सोयीची होती. शतकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाचा वाद्यनिर्माता एस. एस. स्ट्युअर्ट याच्यासारख्यांनी बँजोला दिवाणखान्यात नेण्याचा उद्योग केला. त्यासाठी वाद्यात धातूचे भाग व पडदे आले, स्वरलिपीतील पुस्तके आली आणि वाद्याचा 'दर्जा' वाढविण्यासाठी त्याचा कृष्णवर्णीय संबंध झटकून टाकण्याचा प्रयत्न झाला. याच काळात होरेस वेस्टन या कृष्णवर्णीय वादकाची युरोपपर्यंत कीर्ती होती, ही गोष्ट त्या प्रयत्नाच्या आड आली नाही.

या पार्श्वभूमीवर हेन्री ओसावा टॅनर या आफ्रो-अमेरिकी चित्रकाराच्या १८९३ मधील 'द बँजो लेसन' या चित्राकडे पाहावयास हवे. एक वृद्ध आपल्या मांडीशी उभ्या असलेल्या मुलाला बँजो शिकवत आहे. कोणी हसत नाही, कोणी नाचत नाही. दोघांचेही लक्ष बोटांकडे आहे. मिन्स्ट्रेलच्या मंचाने जे निसर्गदत्त ठरविले होते ते टॅनरने अध्ययन म्हणून दाखविले. जेफरसनने केलेल्या वाटणीला चित्रकलेतून दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

४

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन स्वतंत्र संस्था या इतिहासाला वेगळे वळण देतात : लोकसाहित्याचा विद्यापीठीय अभ्यास आणि ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय.

हार्वर्डचे फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमधील ३०५ बॅलडांचे, म्हणजे कथागीतांचे, संकलन सिद्ध केले. त्यांच्यासाठी कथागीत ही प्रामुख्याने शब्दसंहिता होती. सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक १९१६ ते १९१८ या काळात ॲपलेशियन प्रदेशात फिरला तो याच परंपरेचे जिवंत रूप शोधण्यासाठी. त्याने चालीही टिपल्या, हे त्याचे श्रेय आहे. परंतु त्याचे लक्ष गाण्यावर होते, वाद्यसाथीवर नव्हते, आणि त्याला हवे होते ते जुने इंग्लंड. शोधाची चौकटच अशी असल्यावर डोंगराळ भागातील बँजो आणि तो वाजवणारे कृष्णवर्णीय हे दोन्ही संकलनाबाहेर राहणे अपरिहार्य होते. संहितेला प्रमाण मानणारी अभ्यासपद्धती वाद्याच्या बाबतीत बहिरी ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय. १९२० च्या दशकात मोटार-उद्योगपती हेन्री फोर्ड याने जॅझला उतारा म्हणून जुन्या फिडलवादनाच्या स्पर्धांना आश्रय दिला, तेव्हा 'शुद्ध' गौर लोकसंगीताच्या या कल्पनेला पैशाचे बळ मिळाले.

ध्वनिमुद्रिका-व्यवसायाने हीच कल्पना विक्रीच्या सोयीसाठी अमलात आणली. ओके कंपनीने १९२० मध्ये काढलेली मेमी स्मिथची 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी अनपेक्षितपणे खपली आणि कृष्णवर्णीय ग्राहकांची बाजारपेठ कंपन्यांच्या ध्यानात आली. १९२३ मध्ये त्याच कंपनीच्या राल्फ पीअर याने अटलांटात फिडलिन जॉन कार्सनचे ध्वनिमुद्रण केले आणि दक्षिणेतील ग्रामीण गौर ग्राहक सापडला. लवकरच दोन यादीपत्रके तयार झाली : एक 'रेस' संगीताचे, दुसरे 'हिलबिली' अथवा 'जुन्या चालीं'चे. कोलंबिया कंपनीने पहिल्यासाठी १४०००, तर दुसऱ्यासाठी १५००० पासूनचे क्रमांक राखून ठेवले. कार्ल हॅगस्ट्रॉम मिलर यांनी २०१० मधील 'सेग्रिगेटिंग साउंड' या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, दक्षिणेतील वादक, मग ते कोणत्याही वर्णाचे असोत, तोपर्यंत सर्व तऱ्हेचे संगीत वाजवीत होते. यादीपत्रकाने त्यांना निवड करावयास लावली. कृष्णवर्णीयांकडून ब्लूज हवे होते. त्यांची फिडल-बँजोची पथके फारच थोड्या प्रमाणात ध्वनिमुद्रित झाली. अपवाद घडले, तेही ऐकणाऱ्याला कळू नयेत अशा रीतीने. १९२७ मध्ये शार्लट येथे 'जॉर्जिया यलो हॅमर्स' या गौर संचाच्या एका तबकडीवर अँड्र्यू बॅक्स्टर हा कृष्णवर्णीय फिडलवादक वाजवला. १९३० मध्ये जिमी रॉजर्सच्या 'ब्लू योडेल क्रमांक ९' या तबकडीसाठी लुई आर्मस्ट्राँगने ट्रंपेट वाजवला. तबकडीवर त्याचे नाव नव्हते. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' या व्यावसायिक नियतकालिकाने 'रेस' ऐवजी 'रिदम अँड ब्लूज' आणि 'फोक' ऐवजी 'कंट्री अँड वेस्टर्न' ही नावे स्वीकारली. नावे सभ्य झाली, वाटणी राहिली.

कृष्णवर्णीयांनी बँजो सोडला यात त्यांची स्वतःची निवडही होती, हे मान्य करावयास हवे. मिन्स्ट्रेलने कलंकित केलेले वाद्य नव्या पिढीला नकोसे झाले होते आणि टपालाने मिळणारी स्वस्त गिटार ब्लूजला अधिक अनुकूल होती. परंतु विटंबनेतून जन्मलेली ही निवड पुढे 'यांचा या वाद्याशी कधी संबंधच नव्हता' याचा पुरावा म्हणून वापरली गेली.

५

कर्तेपणाचा प्रश्न सर्वांत उघड होतो तो स्वामित्वहक्कात. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरील ब्रिस्टल येथे राल्फ पीअरने कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचे पहिले ध्वनिमुद्रण केले. पीअरचे उत्पन्न गीतांच्या प्रकाशनहक्कांवर अवलंबून होते. त्यामुळे ज्यांवर हक्क नोंदवता येईल अशी गीते त्याला हवी होती. ए. पी. कार्टर अशा गीतांच्या शोधात गावोगाव फिरे. १९२८ च्या सुमारास किंग्सपोर्ट येथे त्याची लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाशी गाठ पडली आणि पुढे दोघे एकत्र फिरू लागले. कार्टर शब्द उतरवून घेई. रिडल चाल ध्यानात ठेवी आणि नंतर कुटुंबाला शिकवी. नोंदणी कार्टरच्या नावे होई. जेफरसनच्या विभागणीने येथे व्यवहाराचे रूप घेतले : कान रिडलचा, रचना कार्टरची. रिडलकडे संशोधकांचे लक्ष गेले ते १९६० च्या दशकात, माइक सीगर यांच्यामुळे. अलाबामात बालपणीच्या हँक विल्यम्सला गिटार शिकवणाऱ्या रूफस पेन याचेही असेच. विल्यम्स त्याचा उल्लेख आदराने करी, पण इतिहासात पेन 'टी-टॉट' या टोपणनावाचा एक प्रेमळ रस्त्यावरचा गायक म्हणून उरला.

नॅशव्हिलच्या नभोवाणीवरील ज्या कार्यक्रमाला १९२७ मध्ये 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव मिळाले, त्याच्या नामकरणाच्या रात्री माउथ ऑर्गनवर डीफोर्ड बेली वाजवत होता. फिडलवादक आजोबांच्या घरात वाढलेला हा वादक आपल्या संगीताला कृष्णवर्णीयांचे हिलबिली संगीत म्हणत असे. १९४१ मध्ये, नभोवाणी केंद्रे आणि हक्कसंस्था यांच्या वादात, त्याला कार्यक्रमातून काढण्यात आले. निवेदक जॉर्ज हे याने १९४५ मध्ये लिहिलेल्या इतिहासात तो कार्यक्रमाचा शुभचिन्हवजा लाडका होता आणि नवे काही शिकण्याचा आळस त्याला भोवला, अशी मांडणी केली. बेलीने पुढील आयुष्य नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचे दुकान चालवून काढले. १९८२ मध्ये तो वारला. २००५ मध्ये त्याला कंट्री संगीताच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. मिन्स्ट्रेलमधील आळशी गुलामाचे पात्र एका प्रत्यक्ष कलावंताच्या चरित्रात कसे शिरते, हे पाहावयाचे असल्यास ही मांडणी पुरेशी आहे.

६

पुनःशोधाचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. संगीत-ग्रंथपाल डीना एप्स्टाइन यांनी प्रवासवर्णने, पत्रे व रोजनिशा चाळून १९७५ मध्ये बँजोचा दस्तऐवजी इतिहास आणि १९७७ मध्ये 'सिनफुल ट्यून्स अँड स्पिरिच्युअल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सिसिलिया कॉनवे यांचा ॲपलेशियातील आफ्रिकी बँजोपरंपरेवरील ग्रंथ १९९५ मध्ये आला. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. त्यातून एकत्र आलेल्या रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन या तरुणांनी वृद्ध फिडलवादक जो थॉम्पसन (१९१८-२०१२) यांच्या घरी जाऊन त्यांची कौटुंबिक परंपरा आत्मसात केली. त्यांच्या 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' या संचाला २०११ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये लिल नास एक्स याचे 'ओल्ड टाउन रोड' हे गीत 'बिलबोर्ड'च्या कंट्री यादीतून वगळले गेले आणि सर्वसाधारण यादीत १९ आठवडे अग्रस्थानी राहिले, तेव्हा यादीपत्रकाचा जुना वाद नव्याने उभा राहिला. २०२४ मध्ये बियॉन्से हिच्या 'टेक्सास होल्ड एम' या गीताने, ज्यात गिडन्स यांचा बँजो आहे, कंट्री यादीत पहिले स्थान मिळवले. असे स्थान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली.

या घटनांचे वर्णन 'कंट्री संगीताच्या कृष्णवर्णीय मुळांचा शोध' असे सर्रास केले जाते. हे वर्णन सद्भावनेचे असले तरी त्यातील रूपक तपासण्याजोगे आहे. मूळ जमिनीखाली असते, नामहीन असते. त्याने वर यावे अशी अपेक्षा नसते. फांद्या, फुले आणि फळे दुसऱ्या कोणाची आणि मुळे मात्र यांची, अशी वाटणी मान्य केली तर जेफरसनची तळटीप नव्या सौजन्याने पुन्हा लिहिली जाते. त्यानेही उगम नाकारला नव्हता. रिडलला मूळ म्हटल्याने ज्या नोंदींवर त्याचे नाव नाही त्यांचा प्रश्न सुटत नाही. बेलीला मूळ म्हटल्याने १९४१ चा निर्णय अदृश्य होतो.

या इतिहासाची मांडणी मुळांच्या भाषेतून बाहेर काढून कर्तेपणाच्या भाषेत करणे, हे समीक्षेपुढील काम आहे. त्यासाठी कोणी कोणास शिकविले, कोणत्या तांत्रिक बदलाचा कर्ता कोण, यादीपत्रकाचा क्रमांक कोणी ठरविला, तबकडीवर कोणाचे नाव छापले आणि मोबदला कोणास मिळाला, असे रोखठोक प्रश्न विचारावे लागतात. असे प्रश्न अमेरिकी संगीतापुरते मर्यादित राहण्याचे कारण नाही. जेथे जेथे 'लोक' या शब्दाने एखाद्या समूहाच्या कलेला अनामिक ठरविले जाते, तेथे त्या अनामिकतेची तारीख आणि तिचे लाभार्थी शोधणे शक्य असते. बँजोच्या बाबतीत ही तारीख फार मागे नाही. तिच्या खुणा छापील यादीपत्रकांवर आणि हक्कनोंदणीच्या कागदांवर उपलब्ध आहेत.